यंत्रमागावर काम करून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, काय करावे?

ही बहिरेपणाची पहिली खूण असू शकते, अंगवळणी पडेल म्हणून सोडू नका. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबल (आवाज मोजण्याचे एकक) ही मर्यादा आणि मागाच्या खात्यात आवाज बहुधा त्यावरच असतो. आधी उंच, म्हणजे बारीक-तीक्ष्ण स्वर ऐकू येईनासे होतात, ४००० हर्ट्झच्या (स्वराची उंची मोजण्याचे एकक) आसपास. बोलणे ऐकू येत राहते, त्यामुळे वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही. कानाच्या आतल्या मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

कापसाचा बोळा जवळपास निरुपयोगी. फोमचे प्लग घ्या: बोटांनी घट्ट वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवा. प्लग बराचसा बाहेर दिसत असेल तर तो नीट बसलेलाच नाही.

ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, पण सुट्टीच्या दिवशी. निदान १४ तास गोंगाटाबाहेर राहिल्यावरच खरा आकडा मिळतो. ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) कार्ड असेल तर दवाखान्यात कामाचे स्वरूप आणि किती वर्षे करता हे केसपेपरवर लिहायला लावा. आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे, भरपाईच्या वेळी हीच नोंद उपयोगी पडते.