सासूबाईंचा पाय, भावाची धडधड आणि समुद्रातले जंतू

पत्र (थोडक्यात): सर, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. मालक गोव्यात वेर्ण्याला कंपनीत कामाला. लेक दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पीयूसी (अकरावी-बारावी) बेळगावात इंग्रजीतून केली, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायोलॉजी घेऊन. ८७ टक्के पडले, पण नीटमध्ये सरकारी सीट लागेल एवढे मार्क नाहीत. अजून एक वर्ष बस म्हटलं तर नको म्हणते. संशोधन करणार म्हणते. कशावर, विचारलं तर वहीच पुढे ठेवली. तीन पानं, तीन विषय: खोल समुद्रातले जंतू, शुगरमुळे पाय का सडतो, आणि हृदयाचे ठोके का चुकतात. मागचे दोन कळतात. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंच्या पायाची दोन बोटं काढली, ड्रेसिंग हीच करायची. आणि माझ्या भावाला मधूनच धडधड सुटते. पण समुद्राच्या जंतूंचं खूळ कुठून आलं? खानापुरात समुद्र कुठला? तिन्हींचा एकमेकांशी संबंध तरी काय? आणि यात पोट भरतं का? लोक म्हणतात, डॉक्टर नाही तर निदान नर्सिंगला घाला.

ताई,

तुम्ही वैतागून विचारलंय, पण 'तिन्हींचा संबंध काय' हाच पत्रातला सगळ्यात भारी प्रश्न आहे. तीस वर्षं बेळगावात मायक्रोबायोलॉजी शिकवली, हा प्रश्न वर्गात फारसा कुणी विचारला नाही. तेव्हा पोटाचं नंतर बघू, आधी हे.

सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा उघडा. ग्लिमेपिराइड नावाची गोळी त्यात असण्याची बरीच शक्यता आहे, आपल्याकडे ती खूप चालते. ती काय करते? स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना बारीक बारीक दारं असतात, पोटॅशियमला बाहेर सोडणारी. जेवल्यावर रक्तातली साखर वाढली की ती मिटतात, पेशीतला विजेचा दाब बदलतो आणि इन्सुलिन बाहेर पडतं. ही गोळी तीच दारं बाहेरून ओढून घेते. आता गंमत बघा. याच जातीची दारं हृदयाच्या स्नायूतही आहेत, १९८३ साली अकिनोरी नोमा या जपानी शास्त्रज्ञाने ती शोधली. शिवाय हृदयात पोटॅशियमची आणखी दारं आहेत. प्रत्येक ठोक्यानंतर ती उघडतात, पेशी शांत होते आणि पुढच्या ठोक्याला तयार होते. त्यातलं एखादं बिघडलं, अर्धवट उघडलं, की ताल चुकला.

पण ही दारं दिसतात कशी हे कळायला जंतूंकडेच जावं लागलं. माणसाच्या पेशीतून ती पुरेशी काढणं त्या काळी फार अवघड होतं. रॉडरिक मॅककिनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मग मातीतल्या एका जिवाणूतलं पोटॅशियमचं दार घेतलं आणि १९९८ साली त्याची अणू-अणूची रचना मांडली. पुढे विजेचा दाब ओळखून उघडझाप करणारं दार हवं होतं. ते मिळालं एरोपायरम पर्निक्स या सूक्ष्मजीवात. जपानच्या कोडाकारा बेटाच्या किनाऱ्यालगत समुद्रात जे ऊन झरे आहेत तिथला हा रहिवासी, नव्वद-पंचाण्णव अंश तापमानात सुखाने राहणारा. एवढ्या उष्णतेत टिकायचं म्हणजे त्याची प्रथिनं निबर असणार, आणि निबर प्रथिनं प्रयोगशाळेत सहसा लवकर मोडत नाहीत. २००३ साली त्या दाराची रचना प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मॅककिननना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पोटॅशियम तेवढं सोडणारी त्या दारातली गाळणी जंतूपासून माणसापर्यंत जवळजवळ तीच आहे.

आणि हो, हे मॅककिनन आधी डॉक्टर होते. एमडी झाले, रुग्ण तपासले, मग तिशीच्या आसपास ते सोडून प्रयोगशाळेत गेले. 'नर्सिंगला घाला' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही. (नर्सिंग वाईट असं मी म्हणत नाही. तिला ते नको आहे, एवढंच.)

दुसरा धागा सासूबाईंच्याच पायातून निघतो. त्यांना काटा रुतलेला किंवा चप्पल घासलेली कळलीच नसणार. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की नसा बधिर होतात, सगळ्यात लांबच्या म्हणजे पायाच्या आधी. पण हृदयालाही नसा आहेत, ठोके कमी-जास्त करणाऱ्या. त्याही याच रोगाने जातात. मग बसल्याजागी नाडी जलद चालते, आणि कधीकधी हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही. म्हणजे लेकीच्या वहीतलं दुसरं पान आणि तिसरं पान डॉक्टरांच्या लेखीही जोडलेलंच आहे.

आता खोल समुद्र. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ अमेरिकन शास्त्रज्ञ अल्विन नावाच्या छोट्या पाणबुडीतून सुमारे अडीच हजार मीटर खाली उतरले. तिथे ऊन पाण्याचे झरे होते आणि त्यांच्याभोवती जिवांची गर्दी. सूर्याचा उजेड पोचत नाही, झाडपाला नाही, पाण्याचा दाब आपल्या इथल्या हवेच्या अडीचशे पट. तरी तिथले जिवाणू सडक्या अंड्याच्या वासाच्या हायड्रोजन सल्फाइडमधून ताकद काढून जगतात. अशा जिवांचे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, उकळत्या पाण्याजवळही काम करतात, आणि त्यांचा उपयोग तुम्ही गावात डोळ्यांनी पाहिलाय. कोविडमध्ये नाकातून स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करायचे ना? तपासणीची ती पद्धत रुळली अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऊन झऱ्यात सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूच्या एन्झाइमवर. पुढे समुद्रतळाच्या झऱ्यांतल्या सूक्ष्मजीवांचे तसेच, काही बाबतीत जास्त अचूक एन्झाइम बाजारात आले. लेकीचं खूळ म्हणाल तर ते या रांगेतलं आहे.

समुद्र कुठला म्हणता? ताई, मालक रजेवरून परत जातात ती खानापूर-लोंढा-कॅसलरॉकची रेल्वे घाट उतरून वास्कोलाच जाते की! वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. पणजीजवळ दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ पासूनची, तिचं स्वतःचं संशोधन जहाज आहे सिंधु साधना. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ४,०७७ कोटींच्या डीप ओशन मिशनला मंजुरी दिली. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी मत्स्य ६००० ही पाणबुडी त्यातलीच. समुद्राच्या संशोधनाला बेळगाव जिल्ह्याइतकं जवळ असणं पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलांच्या नशिबी नाही.

एक गोष्ट तुमच्यासाठी. अंगणवाडीत बाळांची वजनं करता ना? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपली बाळं बारीक असून कातडीखालची चरबी त्यांनी राखून ठेवलेली, कमी होता तो स्नायू. पुढे तरुणपणीच मधुमेह का गाठतो त्याचं एक मूळ इथे सापडतं. म्हणजे तुमच्या रजिस्टरात जे आकडे तुम्ही कंटाळून भरता, तसल्याच आकड्यांवर जगभर नाव झालेलं शास्त्र उभं राहिलं. मायलेकींनी एकदा ते रजिस्टर घेऊन बसावं असं मला वाटतं.

आता पोटाचं.

मार्ग लांब आहे, लपवत नाही. पदवी, एमएस्सी, मग पीएचडीची पाचेक वर्षं. म्हणजे अठ्ठावीसच्या आसपास ती 'डॉक्टर' होईल, तेही औषधाची चिठ्ठी न लिहिणारी. मधल्या काळात शेजारीपाजारी लग्नाचं विचारतील, त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही आणि मालक आत्ताच ठरवून ठेवा. पैसा मात्र वाटतो तितका उशिरा येत नाही. एमएस्सीनंतर सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली की पीएचडी करताना महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. घरभाडं वेगळं. पैसे कधीकधी दोन-चार महिने अडकतात, म्हणून थोडी गाठ बांधून ठेवायची. पीएचडीपर्यंत नाही गेली तरी मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीला औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, पाणी-दूध तपासणीत काम मिळतं. वेर्ण्यात तशा कंपन्या किती आहेत ते मालकांना विचारा. आणि हृदयाचं दार पुन्हा इथे येतं. १९९० च्या दशकात टर्फेनाडिन ही ॲलर्जीची गोळी बाजारातून गेली, कारण तिने हृदयातलं पोटॅशियमचं एक दार अडून काहींचे ठोके जीवघेणे बिघडत होते. तेव्हापासून नवं औषध माणसाला देण्याआधी त्या दारावर तपासून बघतात. त्या कामालाही माणसं लागतात.

पदवीला कुठे? पहिली पसंती आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची, पाच वर्षांची बीएस-एमएस. जवळची पुण्याला. त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते आणि तिथे खानापूर कर्नाटकात की महाराष्ट्रात हा वाद कुणी काढत नाही. यंदा ती हुकली असेल तर पदवी सुरू ठेवून पुढच्या वर्षी द्यावी. परीक्षेत गणितही असतं, आणि इथे मी माझी चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका हुशार मुलीला मी म्हटलं होतं, बायोलॉजीच करायचंय तर गणिताचं ओझं कशाला? पुढे जीनोमच्या (जिवाच्या सगळ्या जनुकांच्या) आकड्यांपुढे ती अडली, तिने दोन वर्षं घालवून संख्याशास्त्र शिकलं आणि मला पत्रातून चांगलं सुनावलं. तुमच्या लेकीकडे गणित आहे, ते सुटू देऊ नका.

आयसर नाही जमलं तर बेळगावातच बीएस्सी, केमिस्ट्री आणि मायक्रोबायोलॉजी अशी जोडी मिळेल तिथे. केमिस्ट्री हवीच. मायक्रोबायोलॉजीऐवजी झूलॉजी मिळालं तरी चालेल. लाखो रुपये भरून कुठल्याशा खाजगी कॉलेजात बायोटेक इंजिनिअरिंग घेऊ नका. चकचकीत नावाला भुलून फसलेले पालक माझ्याकडे दरवर्षी येतात. बीएस्सीनंतर गोवा विद्यापीठात मरीन मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी आहे, आयआयटीच्या जॅम या एमएस्सी प्रवेशपरीक्षेतूनही वाटा आहेत. सुट्टीत विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करायचा, दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं. आणि बेळगावच्या नेहरूनगरात आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे हे बेळगावकरांनाही धड माहीत नसतं. घाटातल्या औषधी वनस्पतींवर काम चालतं. लेकीने एकदा जाऊन यावं.

इंग्रजीची धास्ती घेऊ नये. मराठी शाळेतून येऊन पीयूसी इंग्रजीत ८७ टक्क्यांनी काढली, तिथेच निम्मं झालं. शाळेत शिकलेलं कन्नडही बेंगळूरच्या प्रयोगशाळेत कामाला येतं; मधुमेहाच्या रुग्णाला 'पाय कधीपासून बधिर झाला' हे त्याच्या भाषेत विचारता येणं ही संशोधनात मोठी जमा आहे.

घरात पगार लवकर यायलाच हवा असेल, तर बीएस्सी कार्डियाक केअर टेक्नॉलॉजीचा विचार करा. ईसीजी, इको, कॅथलॅबचं काम शिकवतात, हृदयाचा ताल रोज डोळ्यांपुढे राहतो. त्यानंतर संशोधनाची वाट बंद होत नाही, अवघड मात्र होते. नीट पुन्हा द्यायची की नाही हे तिच्यावर सोडा. जबरदस्तीने बसवलेलं वर्ष मी फळताना क्वचितच पाहिलंय.

शेवटी दोन घरगुती कामं. सासूबाईंचे पाय रोज रात्री उजेडात बघायचे, बोटांच्या बेचक्यांतही, आणि त्यांना अनवाणी अंगणातही जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांकडून एमसीआर (मऊ रबराची) चप्पल लिहून घ्या. दुसरं, भावाने लेकीच्या पीएचडीची वाट बघत बसू नये. धडधड सुटलेली असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढायचा. थांबल्यावर काढलेल्या ईसीजीत बऱ्याचदा काही दिसत नाही. लेकीला म्हणावं, मामाची नाडी मोजताना नुसता आकडा लिहू नको, ठोके सारख्या अंतराने पडतात की वेडेवाकडे, तेही लिही. वेडेवाकडे असतील तर तो एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडण्याचा आजार) असू शकतो, त्यात पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो आणि त्यावर गोळ्या आहेत. त्या नोंदी घेऊन त्याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरकडे जायचं, आणि जाताना वही लेकीच्याच हातात असू दे.