वाचकांचे प्रश्न : मतदान केंद्रातलं पहिलं टेबल

मतदार ओळखपत्र आहे, पण केंद्रावर यादीत नाव सापडत नाही म्हणतात. कार्ड दाखवून मत देता येतं का?

नाही. मताचा हक्क यादीतल्या नावाने मिळतो, कार्डाने फक्त ओळख पटते. पण लगेच घरी परतू नका. बहुतेक वेळा नाव असतं, माणूस चुकीच्या रांगेत असतो. एकाच शाळेत चार-पाच केंद्रं असतात आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या भागाची यादी असते. आवारात बीएलओंचं (मतदार यादीचं काम पाहणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांचं) मदत केंद्र असतं, तिथे वर्णानुक्रमे लावलेल्या यादीतून भाग क्रमांक आणि अनुक्रमांक काढून घ्या. हे दोन आकडे हाती असले की पहिल्या टेबलावर यादीत नाव शोधण्याचं काम मिनिटभराचं. घरपोच येणाऱ्या मतदार चिठ्ठीवरही ते असतात, मात्र २०१९ पासून नुसती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

नाव खरोखरच नसेल, तर त्या दिवशी काही करता येत नाही. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही. म्हणून नाव आधीच तपासा.

लग्नानंतर आडनाव बदललं. यादीत जुनं, आधारवर नवं. अडवतील का?

अडवायला नको. यादीतली व्यक्ती तुम्हीच, एवढी खात्री पटली की पुरे. शुद्धलेखनाच्या किरकोळ चुका सोडून द्यायच्या अशाच सूचना आहेत. जुन्या नावाचं मतदार कार्ड असेल तर तेच न्या. फोटो ओळखू येत नसेल, तर पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा फोटो असलेलं बँक पासबुक सोबत ठेवा.

बीएलओंना तुम्ही घरी सापडला नसाल, तर नाव ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मृत’ यादीत गेलेलं असू शकतं. त्यानेही हक्क जात नाही. केंद्राध्यक्ष ओळखीची कागदपत्रं स्वतः तपासतात आणि सहीबरोबर अंगठाही घेतात.

‘तुमचं मत आधीच पडलंय’ असं सांगितलं तर?

हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, कारण इथे बहुतेक जण चिडून निघून जातात आणि हक्क तिथेच सोडतात. पहिल्या टेबलावरचे अधिकारी यादीच्या चिन्हांकित प्रतीत, म्हणजे मत दिलेल्यांच्या नावांवर खूण करायच्या प्रतीत, तुमच्या नावावर आधीच रेघ असल्याचं दाखवतील. त्यांच्याशी वाद घालू नका, थेट केंद्राध्यक्षांकडे जा आणि स्पष्ट सांगा : मला प्रदत्त मत (आपल्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर कागदावर द्यायचं मत) द्यायचं आहे.

ते ओळखीबद्दल प्रश्न विचारतील. उत्तरं समाधानकारक असली, की नमुना १७-ख वर सही घेऊन कागदी मतपत्रिका देतील. यंत्राचं बटण दाबता येणार नाही. शिक्का मारून घडी घातलेली मतपत्रिका ते वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ही मतं धरत नाहीत, हे खरं आहे. तरी ती द्यावीच. २००८ साली राजस्थानात नाथद्वाराची जागा एका मताने गेली, आणि पुढे न्यायालयात प्रदत्त मतांवरच वाद झाला. पाकिटात मतपत्रिका नसेल, तर न्यायालयापुढे तुमचं मत येणारच कसं?

अशी तोतयेगिरी रोखण्यासाठीच पहिले अधिकारी नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी तेव्हाच कान द्यायचा असतो. शंका आली तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतात. तुमचं नाव चुकीचं वाचलं गेलं तर तुम्हीही लगेच टोका. एकदा शाई लागून मतदारांच्या १७-क नोंदवहीत सही झाली, की चूक निस्तरणं फार अवघड.

संध्याकाळी वेळ संपताना रांगेत असलो तर?

मत देता येतं. वेळ संपताच केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे येतात, म्हणजे मागून कुणी घुसू शकत नाही. चिठ्ठी मिळेपर्यंत मात्र रांग सोडू नका, पाणी प्यायलाही नाही.