गावातल्या नालीचं काम कुणाला द्यायचं हे सरपंच एकटा ठरवू शकतो का? (प्रश्न परभणी जिल्ह्यातून)

नाही. कामाला आधी मासिक सभेचा ठराव लागतो, आणि ते काम ग्रामसभेने मान्य केलेल्या विकास आराखड्यात असावं लागतं. ग्रामपंचायतीचं वर्षाचं अंदाजपत्रक म्हणजे नमुना 1. तो ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधीचा ग्रामसेवक) मागा. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. पण आपल्याकडं घरपट्टी-पाणीपट्टी भरतंय कोण? म्हणून सगळा भार केंद्राकडून येणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशावर. पंधराव्या आयोगात त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता.

आता ठेका. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला तर त्याचं पद जाऊ शकतं. सरपंचालाही हेच लागू. मात्र नुसतं नातं दाखवून भागत नाही, हितसंबंध सिद्ध करावा लागतो. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं करायची.

माझं मत विचाराल तर ग्रामसभेत आरडाओरडा करण्यापेक्षा 10 रुपये भरून माहिती अधिकारात ठराव, देयकं आणि मोजमाप पुस्तिका मागवा. नालीची लांबी कागदावर एक अन् जमिनीवर दुसरी, हे टेप लावला की लगेच कळतं. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा खर्च घरबसल्या दिसतो, तेही बघून घ्या.