ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटा ट्रॅक या कच्च्या रस्त्यावर कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) ओढताना टायरमध्ये हवा किती ठेवावी?

डांबरी रस्त्यावर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) असेल, तर मारी हे ट्रॅकच्या सुरुवातीचं गाव सोडताना गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्हींची हवा २८-३० वर आणा आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या खाली ठेवा. हवा कमी आणि वेग तोच, ही चूक सर्वांत महागात पडते: टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फाटते. सकाळी थंड टायरची हवा मोजा, तासभर चालवून पुन्हा मोजा. ४ पीएसआयच्या आसपास वाढ ठीक. ६ च्या वर गेली तर हवा कमी आहे, वेग जास्त आहे किंवा वजन जास्त भरलंय. गरम टायरमधली हवा मात्र सोडू नका.

कच्च्या रस्त्यावरच्या आडव्या लाटांनी चाकांचे नट सैल होतात. रोज सकाळी टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने नट आवळणारा पाना) तपासा. कॅरॅव्हॅनचे टायर गाडीच्याच मापाचे असतील तर उत्तम, दोन जादा टायर सगळीकडे चालतात. हवा भरायचा कंप्रेसर सोबत हवाच, ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला मार्ला गावात डांबर लागलं की हवा पुन्हा भरायची असते.

मारी ते मार्ला सुमारे ६२० किलोमीटर. मध्ये विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा इथे इंधन मिळतं, दोन्हीकडे टाकी भरा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान ५ लिटर धरा आणि त्यातलं थोडं वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, कारण कॅरॅव्हॅनच्या टाकीला खालून दगड लागून ती फुटू शकते. पाऊस झाला की रस्ता बंद होतो. बंद रस्त्यावर गेलात तर दंड आहे, म्हणून निघायच्या सकाळी स्थिती बघाच.