नागपुरात गुलाबावर पावसाळ्यात काळे ठिपके येतात आणि थंडीत पांढरी भुकटी. हे दोन्ही येऊच नये म्हणून कोणतं औषध मारावं?

हे दोन वेगळे रोग आहेत आणि दोघांचं हवामान उलट आहे. त्यामुळे एकच औषध वर्षभर मारून भागत नाही.

काळ्या ठिपक्यांना ओलं पान लागतं. पान सलग सहा-सात तास ओलं राहिलं की बुरशी आत शिरते, आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत ते रोजचंच. ठिपक्याची कड झिरमिळ्या सुटल्यासारखी दिसते, भोवती पान पिवळं पडतं. असं पान तोडा, गळलेलंही वेचा. वाफ्यात पडलेल्या पानांवरूनच पावसाचे शिंतोडे रोग वर उडवतात. पाणी सकाळी, बुंध्याशी द्या. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून वाफा वीतभर उंच हवा. एवढं केलं नाही तर महागातलं औषधही वाया जातं.

फवारणी ठिपके दिसायच्या आधी, म्हणजे पाऊस लागला की सुरू करा: मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव), दर दहा-बारा दिवसांनी, उघडीप पाहून. पानांची खालची बाजूही भिजली पाहिजे. हे औषध पानावरच बसतं, आत जात नाही, त्यामुळे जोराच्या पावसानंतर पुन्हा मारावं लागतं. हातमोजे आणि मास्क घालाच.

थंडीतली पांढरी भुकटी म्हणजे भुरी. तिला ओलं पान नको. कोरडे दिवस आणि गार रात्री पुरतात. कोवळी पानं मुरडतात, कळीचा देठ पांढरा होतो. सावली आणि जास्त युरिया असला की हमखास येते. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम मारा, पण पारा ३२ अंशांवर गेला की पानं भाजतात, म्हणून आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यानंतर नकोच. गंधक आणि निंबोळी तेल यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात. उघड्या कापावरून फांदी काळी पडत खाली वाळत जाते, म्हणून त्यावर लगेच बोर्डो पेस्ट लावा. संत्र्याच्या खोडाला लावतात तीच. ५० ग्रॅम मोरचूद पाव लिटर पाण्यात, ५० ग्रॅम चुना पाव लिटरात, प्लास्टिकच्या भांड्यांतच, मग दोन्ही एकत्र करा. लोखंडी खिळा बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.