खिळा ठोकण्यापूर्वी : लाकडी फर्निचरविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे दुरुस्तीविषयी आहेत आणि काही फर्निचर बनवायला शिकण्याविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : जेवणाच्या टेबलाची एक जुनी लाकडी खुर्ची हलते. दोन वेळा सांध्यात खिळे ठोकले, एकदा बाहेरून डिंकही लावला. तरी काही आठवड्यांत ती पुन्हा डगमगू लागते. खुर्ची टाकून द्यावी का?

उत्तर : खुर्ची टाकू नये; पुढचा खिळा मात्र मारू नये. खुर्चीच्या आडव्या पट्टीचे टोक तासून केलेली कूस पायातल्या खाचेत बसवलेली असते आणि सांध्याची ताकद या दोन पृष्ठभागांच्या घट्ट बसण्यात असते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आक्रसते. फुगलेल्या कुसूला खाचेत पसरायला जागा नसल्यामुळे तिचे तंतू दाबले जातात, आणि हवा कोरडी झाल्यावर ती मूळच्या मापाहूनही किंचित बारीक होते. अशी काही वर्षे गेली की डिंकाचा थर तुटतो. खिळ्याने हे काही बदलत नाही. तो सांध्याला एका बिंदूवर धरतो, प्रत्येक हेलकाव्याबरोबर आपले भोक मोठे करतो आणि पुष्कळदा पायच चिरतो.

म्हणून आधी खिळे काढावेत आणि सांधा पूर्ण उघडावा. जे सांधे अजून घट्ट आहेत त्यांना हात लावू नये. सैल सांध्यांवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर क्रमांक लिहावेत, कारण सुटी झालेली चार पायांची खुर्ची दिसायला सोपी आणि पुन्हा जुळवायला अवघड असते. सांधा सुटा करताना लाकडावर थेट हातोडी न मारता मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. कूस बाहेर आली की तिच्यावर जुन्या डिंकाचा कडक, चकाकणारा थर दिसेल. त्यावर गरम पाण्याचा थेंब टाकून थोडे थांबावे. तपकिरी थर विरघळून चिकट झाला तर तो सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा डिंक असतो. पांढुरका होऊन रबरासारखा सुटू लागला तर तो आजचा पांढरा डिंक असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. नवा सरस जुन्या सरसावर चांगला धरतो. पांढरा डिंक जुन्या सुकलेल्या डिंकावर धरत नाही, त्यामुळे तो थर पूर्णपणे काढावाच लागतो. बाहेरून ओतलेला आपला डिंक निकामी ठरला तो याच कारणाने. थर काढण्यासाठी पटाशी (लाकूड तासायची सपाट धारेची छिन्नी) उभी धरून हलक्या हाताने खरवडावे. कूस पॉलिश पेपरने घासू नये, कारण त्यामुळे ती आणखी बारीक होते.

आता डिंक न लावता सांधा जुळवून पाहावा. कूस हाताच्या दाबाने आत जावी आणि खुर्ची उचलली तरी आपणहून गळू नये. ती सैल वाटली तर रंध्यातून (लाकूड सपाट तासायच्या हत्यारातून) निघणारी पातळ, लांब ढलपी कुसूच्या दोन्ही सपाट बाजूंवर चिकटवून जाडी वाढवावी. जाड पोकळी भरून काढणे हे पांढऱ्या डिंकाचे काम नव्हे. त्यानंतर कूस आणि खाच दोन्हींना डिंक लावून क्लॅम्प कसावा. क्लॅम्प नसल्यास पायांभोवती दोरीचे दोन वेढे घालून त्यांत काठी अडकवावी आणि पीळ द्यावा. डिंक ओला असतानाच खुर्ची सपाट जागेवर ठेवून चारही पाय टेकतात का आणि बैठकीचे दोन्ही कर्ण सारखे भरतात का, हे तपासावे. 24 तास तिच्यावर कोणालाही बसू देऊ नये. हे काम एका सुट्टीच्या दिवसात होते आणि नीट केलेला सांधा पुन्हा कित्येक वर्षे टिकतो.

प्रश्न : भरीव लाकडाच्या मोठ्या टेबलाच्या फळीला मधोमध भेग पडली. ती पुट्टीने बुजवली, तर पुढच्या वर्षी शेजारीच दुसरी भेग पडली. लाकूड खराब आहे का?

उत्तर : लाकूड चांगलेच असावे, फळी बसवण्याची पद्धत चुकली असावी. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र सतत बदलत राहते. सुमारे 90 सेंटिमीटर रुंदीची फळी दमट आणि कोरड्या ऋतूंच्या दरम्यान 5 ते 10 मिलिमीटर इतकी कमी-जास्त होऊ शकते. टेबलाखाली वाकून पाहावे. फळी चौकटीला दोन्ही बाजूंनी स्क्रूने घट्ट आवळलेली किंवा सरळ चिकटवलेली असेल, तर आक्रसताना ती चौकटीशी झगडते आणि जिथे सर्वांत कच्ची असते तिथे फाटते. उपाय असा, की फळीच्या रुंदीच्या मध्यावरचे स्क्रू तसेच ठेवावेत आणि कडेच्या स्क्रूंची चौकटीतली भोके रुंदीच्या दिशेने लांबट करावीत, म्हणजे फळीला सरकायला वाट मिळते. भेग कोरड्या ऋतूत कडक पुट्टीने भरणे टाळावे. हवा दमट झाली की कडा जवळ येतात, पुट्टी पाचरीसारखी अडते आणि ताण शेजारी जातो. चौकट मोकळी केल्यावर पुष्कळ भेगा आपोआप मिटत येतात. जी उरेल ती त्याच जातीच्या लाकडाची बारीक पट्टी चिकटवून बुजवावी.

दमट दिवसांत अडकणाऱ्या खणांचेही कारण हेच असते. खण घासून लहान करण्याची घाई करू नये, नाहीतर कोरड्या दिवसांत तो खडखडतो. खणाच्या कडेला खडू चोळून तो आत-बाहेर करावा. खडू जिथे पुसला जाईल तिथेच मेणबत्ती घासावी. बहुतेक वेळा एवढे पुरते.

प्रश्न : मला फर्निचर बनवायला शिकायचे आहे. कोणती यंत्रे घ्यावीत आणि पहिली वस्तू कोणती करावी?

उत्तर : सुरुवातीला एकही यंत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक बारीक दातांची करवत, 12 आणि 20 मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक रंधा, काटकोन तपासायचा एक गुण्या, मोजपट्टी, धारदार चाकू, दोन क्लॅम्प आणि धारेचा दगड एवढे पुरेसे आहे. यांपैकी नवशिक्या सर्वांत कमी लक्ष देतो तो धारेच्या दगडाकडे, आणि त्याची बरीचशी निराशा तिथूनच सुरू होते. नवी पटाशी दुकानातून कामाच्या धारेची मिळत नाही. तिची पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, आधी टोकाकडे दोन-तीन सेंटिमीटर सपाट घासावी. उतार सुमारे 25 अंशांचा ठेवून अगदी टोक 30 अंशांवर घासावे. घासताना पाठीच्या बाजूने बोटाने हलकेच चाचपले की एक सूक्ष्म, खरखरीत कोर उमटलेली लागते. ती संपूर्ण रुंदीभर लागली म्हणजे पोलाद टोकापर्यंत घासले गेले. मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती कोर काढून टाकावी. धार दिव्याखाली धरून पाहावी. बोथट धारेवर प्रकाशाची पांढरी रेघ चमकते, खऱ्या धारेवर काहीच दिसत नाही.

पहिली वस्तू म्हणून खुर्ची घेऊ नये; तिच्यातले कोन अनुभवी हातांनाही छळतात. झाकण नसलेली साधी पेटी करावी. चार बाजू काटकोनात कापणे, त्या समोरासमोर सारख्या मापाच्या असणे आणि तळ बसवणे यांत मोजमाप, करवत आणि रंधा या तिन्हींची परीक्षा होते. त्याआधी टाकाऊ लाकडावर कूस आणि खाच यांचा एकच सांधा पुन्हा पुन्हा करावा. मापाची रेघ पेन्सिलीऐवजी चाकूने ओढावी, कारण चाकूच्या खाचेत पटाशीचे टोक आपोआप टेकते. रंधा चालवण्यापूर्वी फळीच्या कडेवरच्या रेषा कोणत्या दिशेने वर चढतात ते पाहून त्याच दिशेने जावे. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवला की केस उभे राहतात, तसे उलट्या दिशेच्या रंध्याखाली तंतू उपटून येतात. पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी धारेच्या मागे असावा. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

प्रश्न : पॉलिश केलेल्या टेबलावर गरम कपाचा पांढरा आणि कुंडीचा काळा डाग पडला आहे. दोन्ही घालवण्याचा एकच उपाय आहे का?

उत्तर : नाही, कारण हे डाग वेगवेगळ्या थरांत आहेत. पांढरा डाग म्हणजे पॉलिशच्या थरात अडकलेला ओलावा. काही दिवस वाट पाहावी, कधी तो स्वतःच विरतो. राहिल्यास टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब लावून पाहावा. पॉलिश मऊ झाले तर ते लाखेचे असते, आणि मग जेमतेम ओलसर केलेला स्पिरिटचा बोळा डागावरून भराभर, न थांबता फिरवल्यास ओलावा निघून जातो. पॉलिश मऊ झाले नाही, तर त्यावर हा उपाय लागू पडत नाही.

काळा डाग पॉलिशखाली, लाकडात उतरलेला असतो. पाणी, लोखंडाचा अंश आणि लाकडातले टॅनिन हे नैसर्गिक तुरट द्रव्य यांतून तो तयार होतो. पॉलिश काढून ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने तो फिका करता येतो. हे आम्ल विषारी असल्यामुळे हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे, लाकूड नंतर पाण्याने नीट पुसावे आणि सुकल्यावर उरलेले पांढरे कण हवेत उडतील असे घासू नये. पुन्हा तेल द्यायचे झाल्यास जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कधीही ठेवू नयेत. हे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या बाहेर मोकळ्या हवेत एकेरी पसरून कडक वाळू द्याव्यात.

प्रश्न : कपाटाच्या पायाजवळ बारीक पूड पडलेली दिसते. कपाट जाळून टाकावे लागेल का?

उत्तर : आधी कीड जिवंत आहे का ते पाहावे. जुनी भोके तशीच राहतात आणि धक्का लागला की त्यांतून जुनी पूडही सांडते. सगळी पूड झाडून पायाखाली गडद रंगाचा कागद ठेवावा आणि कपाट न हलवता काही आठवडे वाट पाहावी. नवी पूड दिसली, तर कपाट इतर फर्निचरपासून दूर करावे आणि पॉलिश नसलेल्या उघड्या लाकडाला, विशेषतः पाठीमागे आणि पायांच्या तळाला, बोरॅक्स व बोरिक आम्ल यांचे द्रावण भरपूर पाजावे. पॉलिशवर लावलेले द्रावण आत शिरत नाही. पाय बोटाने दाबला असता आत दबत असेल, तर तेवढाच भाग कापून नवे लाकूड जोडावे. नवी पूड पडली नाही, तर भोके रंगाला जुळणाऱ्या मेणाने बुजवावीत, म्हणजे पुढे एखादे नवे भोक पडल्यास ते लगेच ओळखता येईल.