अंजिराचं झाड सुकतंय: खोडकिडा की निमॅटोड?

पानं पिवळी पडली, दोन फांद्या वाळल्या, आणि दुकानदार खोडकिडा म्हणतो तर शेजारी निमॅटोड (मुळीत शिरणारा बारीक कृमी), असं तुम्ही लिहिलंय. दादा, औषध आणण्याआधी बुंधा आणि मुळी दोन्ही स्वतः तपासा. दोन्हींत झाडाचं पाणीच तुटतं, त्यामुळे नुसत्या पानांवरून काही ठरवता येत नाही.

खोडकिडा म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी. हाच भुंगेरा आंब्यावरही येतो, कोकणात त्याला भिरूड म्हणतात. मादी सालीत अंडं घालते, अळी आतलं लाकूड पोखरत बोटाएवढी होते. बुंध्याला छिद्र आणि खाली ताजा भुसा दिसला की ओळख पटली. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढा, छिद्रात पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घालून चिखलाने लिंपा. एका झाडाचं काम तिथेच संपतं.

निमॅटोडचं तसं नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. हा कृमी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर, डोळ्यांना दिसत नाही. पिल्लू मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं आणि एका जागी बसतं. त्याच्या लाळेमुळे आजूबाजूच्या पेशी फुगतात, मुळीला गाठ येते आणि पाणी वर चढणं अडतं. मादी शेकडो अंडी घालते. उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार होते. भुंगेऱ्याच्या एका पिढीला बहुधा वर्ष लागतं. यावरून दोघांतला फरक लक्षात घ्या.

ठिबकच्या ड्रिपरजवळ वीतभर उकरून पांढरी मुळी काढा आणि धुऊन बघा. मुळी स्वतः जागोजाग फुगलेली असेल तर निमॅटोड. भरपूर पाणी देऊनही झाडं दुपारी मलूल होतात, बागेत ठिकठिकाणी पट्टे पडतात, ही त्याचीच खूण. अशा वेळी लोक खत वाढवतात. त्याने फारसं काही साधत नाही, गाठींमुळे ते वर नीट जात नाही.

एकदा जमिनीत आला की तो पुरता जात नाही, फक्त दाबून ठेवता येतो. निंबोळी पेंड आणि कुजलेलं शेणखत द्या, झेंडू लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी आंतरपीक म्हणून घेऊ नका, त्यांच्यावर तो झपाट्याने वाढतो. नवी रोपं घेताना पिशवी फाडून मुळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. बागेत तो बऱ्याचदा रोपांसोबतच येतो.

दोन्ही एकाच झाडावर असू शकतात, म्हणून भुसा दिसला तरी मुळी तपासाच. खात्रीसाठी मुळ्या आणि ओलसर माती पिशवीत भरून कृषी विज्ञान केंद्रात द्या. धुतलेल्या मुळीचा आणि बुंध्याचा फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.